जुन्या गाण्यांचे नवे संच : घ्यावेत की न घ्यावेत?



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण असे भारदस्त विषय असावेत अशी आपली रूढी आहे. त्या पंक्तीला बाजारात मिळणारे जुन्या गाण्यांचे संच हा विषय बसवला म्हणजे कुणाला ते थोडे पोरकट वाटेल. पण विषय आम्ही शोधून काढलेला नाही; तो याच जोगेश्वरीत आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

झाले असे की, मेघवाडीकडे एका परिचित वृद्ध गृहस्थांकडे आम्ही गेलो होतो. त्यांची इमारत पुनर्विकासात जायची असल्यामुळे घरात आवराआवर चालू होती. पलंगाखालून एक लाकडी पेटी निघाली. तीत त्यांच्या वडिलांनी गिरगावातल्या बिऱ्हाडातून आणलेल्या साठेक जुन्या तबकड्या होत्या. ग्रामोफोन केव्हाच मोडीत गेला होता, तबकड्या तेवढ्या उरल्या होत्या. चिरंजीव म्हणाले, "बाबा, एवढं ओझं कुठं नेणार? ही सगळी गाणी आता एका डबीत मिळतात. तो संच मी तुम्हांला घेऊन देतो आणि ही पेटी भंगारवाल्याला देऊ." गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीच सांगा. संच घ्यावा का? आणि घेतला, तर पेटी द्यावी का?"

हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिला पैशांचा आहे आणि दुसरा ठेव्याचा. बाजार दोन्हींना एकच उत्तर देतो. आपण मात्र ती वेगळी शोधू.

प्रथम हा संच म्हणजे काय वस्तू आहे ते पाहिले पाहिजे. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा धंदा रीतसर सुरू झाला तो १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान प्रभृतींचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मुद्रण इथे होई, पण तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. कलकत्त्यास कारखाना निघाला तो १९०८ साली. तबकडी लाखेची, पडली की फुटणारी, आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजणारी. तेवढ्यात गवयाने काय ते सांगायचे. रंगभूमीवर 'स्वयंवर' किंवा 'मानापमान' मधले एकेक पद 'वन्स मोअर' घेत घेत किती वेळ रंगे याच्या आठवणी आपण ऐकल्या आहेत. तेच पद तबकडीवर साडेतीन मिनिटांत आटोपावे लागे. म्हणजे मूळ तबकडी हीच मुळी एक निवड होती. पुढे १९४८ साली अमेरिकेत एका बाजूस वीस-बावीस मिनिटे वाजणारी दीर्घ मुद्रिका निघाली. ती आपल्याकडे आल्यावर अनेक जुन्या तबकड्या तिच्या दोन बाजूंवर बसू लागल्या आणि 'निवडक', 'अविस्मरणीय', 'अजरामर' अशा नावांचे संग्रह निघू लागले. नंतर कॅसेट आली, मग सीडी, मग नखाएवढी चकती. २०१७ साली सारेगामा कंपनीने 'कारवाँ' नावाचे, जुन्या रेडिओसारखे दिसणारे यंत्र काढले. त्यात पाच हजार हिंदी गाणी भरलेली होती. पुढे मराठी गाण्यांचेही तसे यंत्र निघाले. ही सारेगामा म्हणजे आपली जुनी एच्. एम्. व्ही.च. गाणी बहुतेक तीच, भांडे मात्र दर पिढीला नवे. आणि दर वेळी तेच गाणे आपण पुन्हा विकत घेत आलो.

यात काही फसवणूकच आहे असे आम्ही म्हणत नाही. संचाचे उपकार आहेत आणि ते मानले पाहिजेत. ज्याने बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर ही नावे फक्त आजोबांच्या तोंडून ऐकली, त्या मुलाला दारातून आत यायला संचासारखी सोपी पायरी नाही. डोळे अधू झालेल्या माणसाला एक बटण दाबल्यावर गाणे ऐकू येते, ही काही लहान गोष्ट नव्हे. लाखेची तबकडी प्रत्येक वाजवण्यागणिक झिजते, संचातले गाणे झिजत नाही. तेव्हा संच वाईट, असे सरसकट विधान करणे हा रसिकपणाचा आव झाला. प्रश्न एवढाच की, कोणता संच आणि कशासाठी?

यासाठी आम्ही चार प्रश्न ठरवले आहेत. दुकानात संच हातात घेतल्यावर ते विचारावेत आणि उत्तर वेष्टनावर शोधावे.

पहिला प्रश्न : गाते कोण?

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण याच प्रश्नात आम्ही एकदा फसलो आहोत. फार वर्षांपूर्वी एका नाट्यपदांच्या कॅसेटवर एका थोर गायकाचे चित्र पाहून आम्ही ती उत्साहाने घेतली. घरी आल्यावर पाहतो तो आवाज भलत्याचाच! पदे तीच, चाली त्याच, चित्रातल्या गायकाचा मात्र आत एकही स्वर नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत खुलासा होता, तो आम्हांला चष्मा लावल्यावर दिसला. आता २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात याविषयी स्पष्ट कलम आहे. दुसऱ्याने गायलेले गाणे नव्याने मुद्रित करून विकायचे, तर ही नवी आवृत्ती आहे असे वेष्टनावर सांगितले पाहिजे आणि मूळ गायकाचे नाव किंवा चित्र वापरता कामा नये. कायदा झाला तरी डोळे उघडे ठेवण्याचे काम ग्राहकाचेच राहते.

कधी कधी आवाज मूळ गायकाचाच असतो, पण मुद्रण मात्र मूळचे नसते. याचे उदाहरण परदेशात फार ठळक दिसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे 'सोल' नावाचे संगीत १९६० च्या दशकात बहराला आले. प्रार्थनामंदिरातील आर्त गायकी आणि लौकिक प्रेमाचे शब्द यांचा तो संगम. डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली स्थापन केलेल्या मोटाउन कंपनीच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या जगभर वाजल्या. या संगीताचे 'सर्वोत्तम गीते' असे संच तिकडे आजही निघत असतात. पण मूळ मुद्रण जुन्या कंपनीच्या मालकीचे. म्हणून यांतील अनेक गायकांनी पुढे उतारवयात तीच गाणी दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा गायली आणि स्वस्त संचांत तीच भरली गेली. गायक तोच, गाणे तेच, परंतु विशीतला आवाज पन्नाशीत कोठून येणार? तिकडचा जाणता ग्राहक म्हणूनच 'मूळ मुद्रण' हे दोन शब्द शोधतो. आपणही शोधावेत.

आपल्याकडचे उदाहरण याहून नाजूक आहे, म्हणून जपून सांगतो. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून सुमारे वर्षभर, आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. गीते छप्पन्न. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. त्या प्रसारणात फडक्यांबरोबर माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक असे अनेक जण गायले. रामायणातील पात्रागणिक कंठ बदलत होता. पुढे एच्. एम्. व्ही.ने ही सर्व गीते फडके यांच्या एकट्याच्या आवाजात मुद्रित केली आणि घरोघर पोहोचली ती हीच. ती कमअस्सल आहेत असे कोण म्हणेल? ज्याने चाली बांधल्या त्यानेच ती गायिली आहेत. पण १९५५ साली पुण्याच्या वाड्यांत रेडिओभोवती जमलेल्या लोकांनी जे ऐकले ते हेच, अशी समजूत करून घेणे चूक आहे. ती एक वस्तू होती, ही दुसरी आहे. संचाने हे आपल्याला सांगितले, तर दोन्हींची गोडी वाढते. न सांगितले, तर एक कायमची विसरली जाते.

दुसरा प्रश्न : केव्हाचे आणि कशावरून घेतलेले?

नुसते 'बालगंधर्व' एवढे नाव छापून भागत नाही. हा नटगायक अनेक वर्षे ध्वनिमुद्रणासाठी गात होता. ऐन उमेदीतला गळा आणि उतरत्या काळातला गळा यांत किती अंतर असते! सालाशिवाय श्रोता न्याय कसा करणार? मुद्रणाची रीतही मध्यंतरी बदलली. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला. त्यापूर्वी गवयाला एका कर्ण्यात तोंड घालूनच जणू गावे लागे. त्या कर्ण्यातल्या गाण्याला शेजारच्या मायक्रोफोनच्या गाण्यासारखे ऐकून 'आवाज बारीक आहे' असे म्हणणे म्हणजे जुन्या छायाचित्रात रंग नाहीत म्हणून माणसाला फिक्कट म्हणण्यासारखे आहे.

आणखी एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट वेगाची. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते असे आपण म्हणतो, परंतु आरंभीच्या काळात हा वेग काटेकोर नव्हता. समजा एखादी तबकडी ७४ फेऱ्यांनी कोरलेली आहे आणि संच करणाऱ्याने ती डोळे मिटून ७८ ने वाजवून घेतली. मग काय होते? स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेला गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. साडेतीन मिनिटांचे गाणे दहा-बारा सेकंद आधी संपते. ताना उगाच चपळ होतात, आवाज उगाच कोवळा होतो. आपण मग म्हणतो, "काय ती तयारी!" ती तयारी गवयाची किती आणि चुकीच्या वेगाची किती, हे सांगणारा जाणकार संचामागे असला पाहिजे.

तिसरा प्रश्न : गाणे आहे तसे ठेवले आहे का?

जुन्या मुद्रणात खरखर असते. ती कमी करण्याची साधने आता फार पुढे गेली आहेत, आणि हातात साधन आले की ते जास्त वापरण्याचा मोह होतो. खरखर ज्या उंच ध्वनींत असते, तिथेच तंबोऱ्याची जवारी असते, गायकाचा श्वास असतो, व्यंजनांची धार असते. खरखर पार पुसली म्हणजे यांतले बरेचसे तिच्याबरोबर जाते. राहते ते भिंतीपलीकडून आल्यासारखे गाणे. तांदूळ निवडताना खडे काढावेत हे खरे, पण सूप जोरात पाखडले तर दाणेही उडतात.

उलट प्रकारही झाला. कॅसेटच्या दिवसांत जुन्या सिनेगीतांवर वरून ढोलाचा ठोका चढवून 'झंकार' आवृत्त्या निघाल्या. रिक्षात आणि पानाच्या गादीवर त्या जोरात चालल्या. कुणाला आवडल्या असतील तर आमची हरकत नाही, पण त्या आवृत्त्यांवर वाढलेल्या मुलाला मूळ गाणे अळणी वाटू लागले, हे नुकसान कोणी मोजले? काही संचांत आरंभीचे वाद्यवृंदाचे तुकडे कापलेले असतात, काहींत शेवट विरून टाकलेला असतो. अगदी आरंभीच्या तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव मोठ्याने सांगत, कारण छपाईला हॅनोव्हरला गेलेल्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे ते तिथल्या माणसाला कळावे. तेही कुणी कुणी निरुपयोगी म्हणून छाटतात. आमच्या मते ते नाव हा त्या गाण्याचा दाखला आहे.

चौथा प्रश्न : यात काय नाही?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि याचे उत्तर वेष्टनावर कधीच नसते. संच काढणारा व्यापारी साहजिकच जे खपते ते घेतो. जे संचात येते ते पुन्हा ऐकले जाते, म्हणून पुढच्या संचातही तेच येते. अशा रीतीने दर फेरीला वर्तुळ लहान होत जाते. शेवटी एका थोर गायिकेच्या नावावर चार गाणी उरतात आणि बाकीची असूनही नसल्यासारखी होतात.

निवड काय करते याचे एक विलक्षण उदाहरण केसरबाई केरकरांचे आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून एकेक सोनेरी तबकडी बसवलेली आहे. तीवर साऱ्या जगातील संगीताचे २७ तुकडे, मिळून सुमारे दीड तास. याहून मोठ्या आवाक्याचा 'निवडक गीतांचा संच' आजवर निघालेला नाही! त्यांत भारताचा तुकडा एकच, केसरबाईंची भैरवी, तीही साडेतीन मिनिटांची. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली. परंतु ती मुद्रिका तेव्हा बाजारात सहज मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात मागल्या बाजूला पडलेल्या प्रतींतून ती हाती लागली. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. निवड केली म्हणून गोव्यातल्या केरी गावच्या एका बाईचा स्वर सूर्यमालेपलीकडे गेला, हे निवडीचे यश. पण दुकानदाराने त्या जुन्या प्रती आधीच भंगारात दिल्या असत्या, तर निवड करणाऱ्यांची इच्छा कागदावरच राहिली असती. संच हा पेटीवर जगतो. पेटी संपली की पुढचा संच कशातून निघणार?

आता पैशांकडे वळू. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीवरील मुद्रणाचा हक्क २०२१ च्या आरंभी संपला. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात. ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची पदे आता सर्वांची आहेत. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. तात्पर्य असे की, नाट्यसंगीताच्या सुवर्णकाळातील पुष्कळ तबकड्या आज कोणाच्याही मालकीच्या नाहीत. त्या कोणीही छापू शकतो, आणि अनेक तर घरबसल्या फुकट ऐकता येतात. मग संचाला पैसे द्यायचे ते कशाचे? गाण्याचे तर नव्हेत. द्यायचे ते निगराणीचे : चांगली प्रत शोधल्याचे, योग्य वेग लावल्याचे, जपून स्वच्छ केल्याचे, साल, क्रमांक, साथीदार, संगीतकार ही माहिती छापल्याचे. एवढे केलेले असेल तर संच महाग असला तरी घ्यावा. केलेले नसेल तर फुकट मिळाला तरी तो महाग पडला.

हे काम होऊ शकते याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. १९९० साली इथे जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली आणि तिने 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचे नियतकालिक चालवले. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या चरित्रासह त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची तपशीलवार सूची तयार केली. कोणती तबकडी केव्हाची, तिचा क्रमांक काय, हे अशा माणसांनी धुळीतून वेचले, म्हणून आपल्याला 'केव्हाचे?' हा प्रश्न विचारता तरी येतो.

तेव्हा आमचा निर्णय असा : नवशिक्याने एक साधा संच जरूर घ्यावा, पण तो दरवाजा आहे, घर नव्हे, हे लक्षात ठेवावे. ज्याला गोडी लागली त्याने 'शंभर अजरामर गीते' या जातीचा दुसरा, तिसरा, चौथा संच घेऊ नये, कारण त्यांत त्याच त्या गाण्यांची भरती असते. एकाच गायकाचा, सालवार लावलेला, माहितीसह निघालेला संच शोधावा. आणि संच घेतला म्हणून जुनी तबकडी टाकू, हे मात्र कोणीच करू नये.

मेघवाडीच्या गृहस्थांकडे आम्ही पुन्हा गेलो ते कागद-पेन्सिल घेऊन. चिरंजीवांनी आणलेल्या संचाची यादी एका बाजूला आणि पेटीतल्या तबकड्यांची नावे दुसऱ्या बाजूला, असा ताळा बापलेकांनी आमच्यादेखत घातला. संध्याकाळ झाली. पेटीतल्या फार थोड्या बाजू संचात सापडल्या, बहुतेक सापडल्याच नाहीत. काही गायकांची तर संचात नावेही नव्हती. चिरंजीव गप्प झाले. मग त्यांनीच प्रत्येक तबकडीच्या लेबलाचे छायाचित्र काढले, तबकडीच्या कडेला कोरलेला क्रमांक वहीत उतरवला आणि फुटक्या तबकड्यांनाही पुठ्ठ्याचे पाकीट केले. उभ्या ठेवायच्या, आडव्या रचायच्या नाहीत, उन्हात ठेवायच्या नाहीत, एवढे आम्ही सांगितले. सुस्थितीतल्या तबकड्या कोणा जाणत्या संग्राहकाकडून उतरवून घ्यायच्या असे ठरले.

संच? तो त्यांनी ठेवला. संध्याकाळी वृद्ध गृहस्थ तो लावून बसतात, आणि त्यात त्यांना आनंद आहे. पेटी नव्या घरी जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पलंगाखाली अशी एखादी पेटी असेल, त्यांनी नवा संच आणण्यापूर्वी एकदा तिची यादी करावी, एवढीच विनंती.